केबिनच्या मागची कमान

ट्रॅक्टरची केबिन घाट उतरून आली ती ताडपत्री पांघरून. टेम्पोवाल्याने दोर सोडले, ताडपत्री ओढली आणि प्लासिदच्या खळ्यात एक पांढरी पेटी उभी राहिली. पुढे मोठी काच आणि वायपर, मागेही काच, दोन्ही अंगांना चेनने उघडणारे प्लास्टिकचे दरवाजे, वर फायबरचं छप्पर. छपराच्या कपाळावर निळी इंग्रजी अक्षरं होती: 'पापाच्या प्रेमळ आठवणीत'.

वेनेसा ओसरीवर काजूच्या बिया निवडत बसली होती. तिने ती अक्षरं वाचली आणि पुन्हा खाली मान घालून निवडू लागली. किडकी बी कुठली, चांगली कुठली, हे मात्र तिला आता दिसत नव्हतं. हाताला येईल ती बी ती किडक्यांत टाकत होती.

"कशी आसा?" नेव्हिलने विचारलं. तिचा धाकटा भाऊ. जहाजावर शेफ होता, सुट्टी घेऊन आला होता, आणि आल्यापासून त्याच्या तोंडात केबिनशिवाय दुसरा विषय नव्हता.

"जुन्या गोंयात सेंट झेवियराचां मडां ठेवलेत तसली काचेची पेटी," वेनेसा म्हणाली. "कोणाक ठेवतलंस हिच्यात?"

"तू ना वेना, बरां कायच बोलाचां नाय असां ठरवलंस."

कुंपणापलीकडे शेजारची विमला उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावला. "गेल्या वर्षी ही आसती तर प्लासिदबाब आज आसतो गो. पावसान खाल्लो तेका."

नेव्हिलने मान हलवली. वेनेसाने सूप बाजूला सारलं आणि ती आत निघून गेली.

पावसान खाल्लो. वडील गेल्यापासून वाडीने हे एकच वाक्य धरून ठेवलं होतं. दफनाच्या दिवशी ते तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने समजावून सांगितलं होतं. महिन्याच्या मिसाला, चर्चमध्ये, पुन्हा सांगितलं. नंतर सोडून दिलं. प्लासिद पावसाने गेला नव्हता. सबंध वाडीची चिखलणी तो आपल्या जुन्या, बुटक्या ट्रॅक्टरवर करायचा, आणि करायचा ती अनवाणी. टाचेला भेग पडलेली, त्या भेगेत एक दिवस पत्रा लागला. तशाच पायाने तो उंदरांनी घाण केलेल्या पाण्यात उतरत राहिला, रोटाव्हेटरमध्ये अडकलेलं गवत हाताने ओढून काढत राहिला. ताप आला तेव्हा "भिजलंय, आणि काय" म्हणून त्याने पेज घेतली आणि पांघरूण घेऊन झोपला. गोव्याच्या इस्पितळात नेईपर्यंत डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. लेप्टो, डॉक्टरांनी सांगितलं. काचेच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वेनेसाने तो शब्द ऐकला आणि तिथूनच नेव्हिलला फोनवर सांगितला. नेव्हिल रडत होता. रडताना माणसाला ऐकू येत असेल असं तिला तेव्हा वाटलं होतं.

त्याला ऐकू आलं नव्हतं. जहाज भर समुद्रात होतं. बापाला मातीत ठेवताना त्याने ते फोनच्या पडद्यावर बघितलं, तेही मधेमधे अडकत. त्या दिवशी सरी कोसळत होत्या, सगळे छत्र्या घेऊन उभे होते, शवपेटीवर पाणी ठिबकत होतं. नेव्हिलच्या डोळ्यांपुढे तेवढंच राहिलं असावं. बाप भिजतोय. मग त्याने पुढच्या बंदरावरून फोनवर फोटो बघून केबिन पसंत केली.

वेनेसाला हे सगळं समजत होतं. सावंतवाडीच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती; माणसं दुःखात काय काय करतात ते तिने पुस्तकांतून भरपूर वाचलं होतं. समजून राग जात नाही एवढं मात्र कुठल्या पुस्तकाने तिला सांगितलं नव्हतं.

रविवारी खुरसाकडे लदीन होती. शेताच्या कडेला वाडीचा दगडी क्रूस, खुरीस, होता. पाऊस लागायच्या आधी मे महिन्यात वाडीतली झाडून सगळी ख्रिस्ती घरं तिथे जमायची, मेणबत्त्या लावून लदीनीची प्रार्थना गायची, मग उकडलेले चणे आणि घोटभर फेणी. लदीन सुरू करायचा मान कित्येक वर्षं प्लासिदचा होता. यंदा नेव्हिलने ठरवलं होतं की केबिन बसवलेला ट्रॅक्टर खुरसापुढे न्यायचा, फादर लिओन त्यावर तीर्थ शिंपडतील, आणि दुसऱ्या दिवसापासून लवू तो चालवील. लवू प्लासिदकडे तरुण असल्यापासून कामाला. चिखलणीत, काजीच्या बागेत, कलमांत, जिथे प्लासिद तिथे तो. आता ट्रॅक्टर त्याच्याच हाती होता.

रविवारी दुपारी कुडाळहून अजय आपल्या टेम्पोने आला. वेल्डिंगचं सामान, ग्राइंडर आणि बोल्टांचा डबा घेऊन. अजय कामात वाईट नव्हता, पण त्याची एक खोड होती: शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं.

ट्रॅक्टर खळ्याच्या कडेला माटवाखाली, मांडवात, उभा होता. गोव्यातल्या कुणा बागायतदाराने टाकून दिलेला, जपानी बनावटीचा, कलमांच्या फांद्यांखालून सहज जाईल एवढाच. रंग कधीच उडाला होता. सीटच्या मागे दोन्ही चाकांच्या मधून वर गेलेली जाड लोखंडी कमान होती, उलट्या यूसारखी. फांदीला लागते म्हणून इतर लोक असल्या कमानी काढून टाकत. प्लासिदने काढली नव्हती.

अजयने टेप लावली, केबिनची लावली, ट्रॅक्टरची लावली, आणि डोकं खाजवलं.

"ही मोठ्या ट्रॅक्टराची आसा."

"लहानाची म्हणान सांगल्यानी माका," नेव्हिल म्हणाला.

"लहानाचीच. पण ह्यो लहानातलो लहान." अजयने बॉनेटवर थाप मारली. "होतलां. सगळां होतलां. पुढसून पट्टी कापतंय, मडगार्डाक भोकां पाडतंय. सायलेन्सर काचेच्या पुढे येता, तो वाकडो करूक व्हयो, नायतर धूर आत. आणि..." त्याने मागे जाऊन बघितलं. "ही कमान काढूक व्हयी."

"काढ," नेव्हिल म्हणाला.

"कमान काढूची नाय," वेनेसा म्हणाली.

ती ओसरीच्या पायरीवर होती. आवाज चढवला नव्हता. तिचा आवाज चढत नसे. राग आला की तो उलट खाली जायचा, आणि घरच्यांना तेच जास्त लागायचं.

"कित्याक नाय?"

"ट्रॅक्टर उलटलो तर माणसाक वाचवता ती."

"उलटाक काय झालां? पापा इतकी वर्षां चालवी."

"केबिनीक चारी बाजूंनी पाइप आसतच की," अजय मध्ये पडला.

"ते पाइप आसत? छत्रीच्या काड्ये ते." वेनेसा खाली उतरली, केबिनचा एक खांब तिने दोन बोटांत धरला. "ट्रॅक्टराचो भार हेच्यार पडलो तर बसकणच मारीत. कमानीचां लोखंड बघ आणि ह्यां बघ. तुका कळता अजय, माका सांगूक नको."

"तांय खरां," अजय म्हणाला.

"अरे तू कोणाचो?" नेव्हिल त्याच्यावर खेकसला. "कमानीचे बोल्ट जंय आसत थंयच केबिनीचे पाय बसतले. दोन्ही एकत्र ठेवूक जागा आसा?"

"नाय."

"मगे?"

"मगे काढूक व्हयी," अजयने मान्य केलं.

"पाठची काच काढ," वेनेसा म्हणाली. "केबिन पुढे सरकव. कमान बाहेर रवांदे."

"आणि पाठसून पाऊस? काच काढल्यार ती केबिन कसली? माटव झालो तो! मी कोल्हापुरासून माटव हाडलंय?"

लवू पाण्याची कळशी घेऊन फणसाच्या झाडाखाली उभा होता. वेनेसा त्याच्याकडे वळली. "तू सांग. चालवतलो तू. काजीत तू जातलंस."

लवूने नेव्हिलकडे बघितलं, मग केबिनकडे, मग स्वतःच्या पायांकडे. "तुमी दोगा भावंडां ठरवा, बाय. माका काय, दोनव बरां."

वेनेसाच्या डोक्यात सणक गेली. त्या दिवशी काजीत नेव्हिल नव्हता, पण हा माणूस होता. याला सगळं ठाऊक होतं. तीन नाताळांमागे, सुट्टीत, ती बापाबरोबर काजीत गेली होती. उतरणीवर ट्रॅक्टर आडवा चालला होता, वरच्या अंगाचं चाक चिऱ्याच्या तुकड्यावर चढलं आणि सगळं यंत्र एका कुशीवर गेलं. ती ओरडलीसुद्धा नाही, तेवढा वेळच मिळाला नाही. कमान जमिनीत रुतली आणि ट्रॅक्टर तिथे थांबला, चाकं फिरत राहिली. खालून बाप रांगत बाहेर आला. मांडी सोलवटली होती. तो हसत होता, आणि ओठ पांढरे पडले होते. मग लवू आला, दोर आला, जॅक आला, तिघांनी मिळून ट्रॅक्टर सरळ केला. "मायक सांगू नको," बाप म्हणाला होता. "ती माका परत चढाक दिवची नाय." तिने सांगितलं नव्हतं. लवूनेही नाही.

तिने आता सांगितलं. खळ्यात उभं राहून, सगळ्यांपुढे, जसं घडलं तसं.

नेव्हिल ऐकत होता. त्याचा चेहरा लाल होत गेला. "पापान माका कधी सांगूक नाय."

"माकाय सांगूक नाय. मी बघलंय."

"आता तो आसा विचारूक? तुका व्हयां तां तू सांग! पापा गेल्यापासून तेचां सगळां तुकाच म्हायत. तो कसो आजारी पडलो तां तुका म्हायत, कशान गेलो तां तुका म्हायत, ट्रॅक्टर कसो उलटलो तांय तुकाच. मी कोण? पैशे धाडणारो?"

"लवूक विचार."

पण नेव्हिलने लवूला विचारलं नाही. आणि तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला.

"अजय, काढ ती कमान."

अ‍ॅनी दारात उभी होती, वर्षाच्या दुखवट्याचा काळा झगा घालून. एवढंच बोलून ती आत गेली. नेव्हिलने बहिणीकडे बघितलं. त्या बघण्यात जिंकल्याचं काही नव्हतं, फक्त संपलं एकदाचं असं होतं. वेनेसा आईच्या मागे स्वयंपाकघरात शिरली.

"माय, तू आयकलंस मां मी काय सांगलंय तां? कमान नसती तर पापा तवाच गेलो आसतो."

"आयकलंय." आई चण्यांचं पातेलं ढवळत होती. लदीनीचे चणे दर वर्षी याच घरातून जायचे. "माका कायच सांगलास नाय तुमी. तिगांनी मिळान."

"मगे तरीय काढ म्हणतंस?"

आईने झारा ठेवला. चुलीसमोरच्या खिडकीतून माटव सरळ दिसत होता. कमान, तिच्यापुढे सीटची पाठ.

"लवू बसता ना थंय, पाठमोरो दिसता," आई म्हणाली. "प्लासिदाच्या उंचीचो. माका म्हायत आसा तो लवू आसा म्हणान. पण हात आयकनत नाय माझे. मी ताट काढतंय. वाढूक घेतंय. मगे परत ठेवतंय." ती खिडकीकडे न बघता बोलत होती. "रोज. कोणाक सांगूचां ह्यां? ती केबिन बसली म्हणजे काच काळी करूया, नेव्हिल म्हणालो. आत कोण आसा तां दिसाचां नाय."

कुणी दुसरी मुलगी असती तर इथे विरघळली असती. वेनेसालाही आत काहीतरी हललेलं कळलं. पण राग इतके महिने तिच्यात मुरत होता, तो अशा एका धक्क्याने निवळणारा नव्हता. उलट तिला वाटलं, हे घर असंच आहे. बापाने टाच झाकली. आम्ही ट्रॅक्टर उलटलेला झाकला. आता ही काच काळी करून सीट झाकणार. झाकलं की झालं.

"आणि लवू काजीत खाली गावलो," ती म्हणाली, "तर सुगंधान कोणाचां ताट काढून परत ठेवचां?"

सुगंधा लवूची बायको. आईने तिच्याकडे असं बघितलं की वेनेसाला वाटलं आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. पण आईने झारा पुन्हा पातेल्यात घातला, आणि तेवढ्यात बाहेर ग्राइंडर सुरू झाला.

वेनेसा धावत बाहेर आली तोवर उशीर झाला होता. बोल्ट गंजून घट्ट झाले होते म्हणून अजयने ते सोडवायचे सोडून कमानीचा डावा पायच कापला होता. ठिणग्या विझल्या. कापलेली जागा नव्या नाण्यासारखी चकाकत होती. नेव्हिल उजव्या पायाशी उभा होता. "आता हयसर मार," तो अजयला सांगत होता.

वेनेसा दोघांच्या मधून पुढे गेली. तिने माटवाचा खांब धरला, पायरीवर पाय ठेवला आणि ती ट्रॅक्टरवर चढून सीटवर बसली.

बापाच्या माघारी घरातलं कुणी त्या सीटवर बसलं नव्हतं. नेव्हिल, विमला, खुरसाकडे मेणबत्त्या घेऊन निघालेली दोन-चार माणसं, सगळे होते तिथे थांबले.

"उतर," नेव्हिल म्हणाला.

"नाय."

"वेना, उतर. माणसां बघतत."

"बघांदेत."

"ठिणगी उडाली तर भाजतलंस," अजय म्हणाला.

"मगे मारू नको."

अजयने ग्राइंडरची पिन काढली, वायर गुंडाळली आणि फणसाखाली लवूशेजारी जाऊन बसला. त्याच्या दृष्टीने शेवटी बोलणारं माणूस ठरलं होतं.

नेव्हिल बोलत राहिला. किती लांबून आणली, किती लोकांना सांगून ठेवलंय, फादर यायची वेळ झाली, तुला सगळं वाईटच दिसतं, तू पापाला कधी बरं म्हटलंस, पापाची एक तरी गोष्ट तुला पटली का. वेनेसा ऐकत होती आणि नव्हती. तिचे पाय पेडलांवर गेले होते. तिने खाली बघितलं. ब्रेकच्या पेडलावरच्या खाचा जशाच्या तशा होत्या. क्लचचं पेडल मात्र घासून घासून गुळगुळीत झालं होतं, नदीतल्या गोट्यासारखं. उघड्या तळव्याने. "बुटान क्लच कळना नाय गो," बाप म्हणायचा. गमबूट तिने स्वतः मालवणहून आणून दिले होते. ते माटवाच्या आढ्याला टांगलेले होते, आत कोळ्यांनी घर केलेलं.

तिच्या पायात शाळेतल्या मुलींचे असतात तसले जाड तळव्याचे बूट होते. तिने क्लच दाबला. तो दबला. सोडला, सुटला. पुन्हा हळू दाबला. कुठे घट्ट होतो, कुठे सैल, कुठे धरतो, सगळं तळव्याखाली स्पष्ट कळत होतं. एवढा जाड रबर मध्ये असून.

कळत होतं! सगळं कळत होतं. मग कशाला?

इतका वेळ तिला वाटत होतं की राग नेव्हिलचा आहे, वाडीचा आहे, लवूच्या गप्प बसण्याचा आहे. होताच. पण त्या सगळ्याच्या तळाशी हा होता, नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत पेडलावरचा. बापाचा. सगळ्यांची शेतं चिखलणारा, सगळ्यांच्या बांधावर थांबून मस्करी करणारा, कमान ठेवण्याइतका शहाणा आणि बूट न घालण्याइतका हट्टी माणूस. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि क्लच पुन्हा पुन्हा दाबला, जणू त्याला दाखवायचं होतं. बघ. बघ. बघ.

स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती. ती किती वेळ उभी होती ते वेनेसाला कळलं नाही. पाठमोरं माणूस तिला आजही दिसलं असणार, फक्त लहान, खांदे पडलेलं, केस बांधलेलं. मग खिडकी रिकामी झाली आणि आई अंगणातून चालत आली. माणसांनी तिला वाट दिली. ती नेव्हिलपाशी थांबली नाही, वेनेसापाशीही नाही. सरळ फणसाकडे गेली. लवू धडपडत उठला.

"तू थंय होतंस, लवू? ट्रॅक्टर उलटलो तेवा?"

"होतंय, बाय."

"खरां काय तां? ही सांगता तां?"

"खरां."

"आणि आता कमान नसली तर. तुका भ्या वाटता?"

लवूने नेव्हिलकडे बघायला मान वळवली. अ‍ॅनीने त्याच्या दंडाला धरून ती परत आपल्याकडे वळवली. मोलकऱ्याच्या अंगाला हात लावताना तिला कुणी कधी बघितलं नव्हतं.

"माझ्याकडे बघ. वाटता?"

"वाटता," लवू म्हणाला.

"मगे मेल्या आधीच सांगूक काय झालां तुका?"

"नेव्हिलबाबान इतक्या लांबसून हाडली. प्लासिद पात्रांवाच्या, मालकाच्या नावान. कसां सांगूचां, नको म्हणान?"

आईने त्याचा दंड सोडला. वळून ती अजयला म्हणाली, "पाठची काच काढ. कमान रवांदे."

"माय!" नेव्हिल पुढे आला. "तुयाच सांगलंस काढ म्हणान! तुका दिसाक नको म्हणान मी—"

"सांगलंय. आता ह्यां सांगतंय."

"आणि तुका पाठमोरो—"

"खिडकेचां माझां मी बघतलंय," आई म्हणाली. ती घराकडे चालू लागली. ट्रॅक्टरपाशी येताना मात्र थांबली. वर बघून, मुलीला, अगदी हळू आवाजात म्हणाली, "सुगंधाचां काढलंस तां बरां केलंस. पण परत माका असां बोलू नको. ह्या जल्मात नको."

"नाय बोलूचंय," वेनेसा म्हणाली.

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कापलेला पाय तसाच चकाकत होता. अजय बाजूला येऊन म्हणाला, "आता हयच वेल्डिंग मारतंय. आतसून बारीक पाइप घालून. कळाचांसुद्धा नाय, जोड खंय आसा."

"म्हणानच नको," वेनेसा म्हणाली. "जोड मारलेली कमान माका नको. ही माप म्हणान घेऊन जा. अख्खी नवी कर, हेच्याच जाडीच्या लोखंडाची. ती बसापर्यंत ट्रॅक्टर माटवाभायर जावचो नाय."

"पाऊस तोंडार इलो," कुंपणावरून विमलाचा नवरा म्हणाला. "आमची चिखलणी?"

"थांबतली."

"प्लासिदबाब कधी कोणाक थांबवी नाय."

"नाय थांबवी," वेनेसा म्हणाली. "म्हणानच तो आज मातयेत आसा."

तो माणूस कुंपणापासून वळून निघून गेला. उद्या हे वाक्य वाडीभर फिरणार, हे तिला ठाऊक होतं. फिरू दे. पावसान खाल्लो याच्या जागी दुसरं काहीतरी फिरू दे.

फादर लिओन आले. तीर्थ शिंपडायला ट्रॅक्टर नव्हता. माटवाखाली एक अर्धवट उघडं यंत्र होतं आणि खळ्यात पाठीची काच काढलेली केबिन. त्यांनी दोन्हीकडे बघितलं आणि अ‍ॅनीबरोबर खुरसाकडे गेले. लवूने चण्यांचं पातेलं उचलून नेलं. अजयने सावकाश, तेल घालत, कमानीचे बोल्ट सोडवले. मघाशी दहा मिनिटं वाट बघितली असती तर तेव्हाही सुटले असते. कमान खाली उतरली आणि मातीवर धप्पकन पडली.

"एकल्यान उचलाची नाय," अजय म्हणाला. "टेम्पोत ठेवूक मदत करा."

खुरसाकडून लदीन सुरू झाल्याचा आवाज आला. सुरुवात कुणी केली ते कळलं नाही. आवाज बाईचा होता, म्हातारा, थोडा फाटलेला. मग बाकीच्यांनी उचलून धरला. वेनेसाने कमानीचं एक टोक धरलं. दुसरं धरायला ती अजयची वाट बघत होती, पण वाकला तो नेव्हिल. त्याने शर्टाने तोंड पुसलं होतं, पण पुरतं पुसलं गेलं नव्हतं.

दोघांनी उचलली. वाटलं होतं त्याहून जड होती. वेनेसा उलट्या पावलांनी चालत होती, नेव्हिल समोर, मध्ये ते काळं लोखंड. 

"पापान माका कित्याक सांगूक नाय?" नेव्हिलने विचारलं. मघाशी तो ओरडला होता. आता खरंच विचारत होता.

त्याला बरं वाटेल असं उत्तर तिच्याकडे होतं. तू लांब, तुला काळजी नको म्हणून. ते खरंही असेल. पण आज एवढं झाल्यावर तिला पुन्हा काहीही झाकायचं नव्हतं.

"तू इचारलंस कधी?" ती म्हणाली. "फोनार ट्रॅक्टर बरो चलता काय, इतक्याच इचारी होतंस. तो बरो चलता म्हणी. चलतच होतो."

 कमान नेव्हिलच्या बाजूने जरा खाली गेली. ती टाकून तो निघून जाईल असं तिला वाटलं, आणि गेला असता तर तिने त्याला दोष दिला नसता. पण त्याने पकड बदलली, टोक पुन्हा वर घेतलं. डोळे तिच्यावर नव्हते. तिच्या मागे, वाटेवर होते.

"पाठी चिरो आसा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पाय वर घे."

तिने पाय वर घेतला.